दीड आटा

रॉकफर्डला नोव्हेंबरात चारलाच दिवे लागतात.
चारलाच ती आली,
कांद्याच्या जाळीदार पिशवीत लोखंड घेऊन.
ॲस्ट्रिड होल्मग्रेन. पियानोच्या स्टुलाचा आट्यांचा दांडा,
मधोमध तुटलेला.
"गंजला होता. मी जोर केला,"
कबुली दिल्यासारखं म्हणाली.
मग, कुणी विचारलं नसताना:
"बहीण उंच होती. ती बसायची तळाला.
ती उठली की मी फिरवायचे, टोकापर्यंत,
अकरा फेरे."

वेंडलनं गेजची पानं एकामागून एक टेकवली,
एकही बसेना.
कुठल्याशा बुडालेल्या कारखान्याचं माप,
त्याचा नट आता एकच, स्टुलाच्या पोटात.
"नवा दांडा, नवा नट. दोनशे डॉलर."
ती पिशवीला गाठ मारू लागली.
मी म्हटलं, ठेवा.

कोल्हापूरला उद्यमनगरात वडिलांच्या लेथपाशी
मी मुख्य शिकले ते एवढंच:
गिऱ्हाईक गाठ मारू लागलं की ठेवा म्हणायचं.
कसं करायचं ते रात्री बघता येतं.

रात्री बघितलं.
दांड्याच्या अंगावर एक उभी चर आहे, ती सरळ धरून
तुटकी तोंडं एकमेकांना लावली.
बसली की चपखल!
पण नखानं आट्यावरून चालत गेले
तर सांध्यापाशी नख घसरलं,
खालच्याचा उंचवटा तिथं वरच्याची खाच.
असंच जोडलं असतं तर घट्ट जोडलं गेलं असतं
आणि नटात शिरून रुतून बसलं असतं,
ना वर, ना खाली.

सुंभ जळतो पण पीळ जात नाही,
आपल्याकडे हे टोचून म्हणतात.
माझी मजुरी मात्र त्या पिळाचीच.
लोखंडाचं पाणी होऊ दे,
पीळ नको हलायला.

तांब्याची नळी उभी चिरली, दोन पन्हळी झाल्या.
लाल तापवून पाण्यात टाकल्या, मऊ पडल्या.
दांड्याच्या धड भागावर ठेवून
व्हाइसमध्ये आवळल्या, खांदा दुखेपर्यंत.
तांबं ऐकतं.
उघडलं तर आत आटे उमटलेले, उलटे,
बोटाला लागतील इतके.
त्यात खालचा तुकडा निजवला, वरचा निजवला,
चर सरळ,
जो तो आपापल्या खाचेत गेला
आणि मध्ये फट राहिली.

दीड आटा.
तुटताना चुरा होऊन सांडलं होतं तेवढं.
अर्ध्यावर आणलं असतं तरी जुळलं असतं,
काम वाचलं असतं, धातू वाचला असता,
फेरे झाले असते दहा.
तशीच ठेवली फट.

तांब्याला खिडकी कापून टिगचा टाका घातला.
टाका थंड होताना आपल्या बाजूला ओढतो,
म्हणून लगेच उलटून समोर दुसरा.
ओढू देत दोघांनी. बरोबरीत सुटलं की झालं.
मग थेंब थेंब भरत गेले.
तांब्याला लोखंड चिकटत नाही, एवढी एक मेहेरबानी.
भरलेलं मात्र नुसतं गोळा झालेलं असतं,
आटा आपण काढायचा,
तीनधारी कानसीनं, दीड वेळा गोल,
पहाटे अडीचपर्यंत.

शनिवारी तिच्या घरी स्टूल उभं केलं.
पियानोवर फोटो वगैरे काही नव्हतं,
एक बशी, तिच्यात चष्मा.
ती बसली नाही. वाकून फिरवू लागली,
मोजत, स्वीडिशमध्ये असावं.
मी मनात मराठीत.
सातव्याला जरा अडलं.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्या हाताकडे.
तेलाची बाटली काढायला मी खिशात हात घातला
तोवर तिनं, या वेळी जोर न करता,
नुसतं थोडं मागं घेतलं
आणि पुन्हा पुढं.

आठ.